निरामिष सापळा

गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्या घरी मासा म्हणायची पद्धत नव्हती. आई मालवणकडची. बांगडे, सौंदाळे, पेडवे, मोरी ही तिची मासळी. बाजारात बर्फावर पसरलेले रोहू-कटला दिसले की ती पाऊल उचलायची. "चिखलाचो वास येता तेंका." अपवाद वर्षातून एकदाच. जूनमधला पहिला मोठा पाऊस कोसळला की तिला गावचा व्हाळ आठवायचा आणि व्हाळातून वर चढणारे मासे. मग गोरेगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हला पंप मारता मारता ती विचारायची, "तुझ्या त्या मित्राकडे गावले काय रे चढणीचे?"

तो मित्र आरेतल्या पाड्यावरचा, वारली. त्याच्या वडिलांना आम्ही सगळी पोरं बाबाच म्हणायचो. आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. पाडे तिच्या आधीचे. बाबा एका तबेल्यात कामाला होते आणि पावसाळ्यात ओढ्यावर. आईचे 'चढणीचे' मासे ते बाबांचे 'वलगणीचे'. मासा तोच, पाऊस तोच, नाव मात्र तालुक्यागणिक वेगळं. बाबांच्या बांबूच्या सापळ्याचंही तसंच. ते त्याला खोईन म्हणायचे. दुसऱ्या पाड्यावरचा पाहुणा आला की त्याच वस्तूला भलतंच काही म्हणायचा आणि दोघांची तेवढ्यावरून हुज्जत चालायची.

मी टीवायला असताना, म्हणजे १९९४ साली, प्राणीशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी विषय घेतला 'आरेतील ओढ्यामधील मासे'. मॅडमनी विचारलं, मासे पकडणार कसे? मी ऐटीत सांगितलं, सापळे लावून. सापळे म्हणजे पाण्याच्या एक लिटरच्या दहा बाटल्या. वरचा भाग कापायचा, उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, चिकटपट्टी लावायची. आत आमिष म्हणून बिस्किटाचा चुरा, सुकट आणि कणकेच्या गोळ्या. तीन रात्री सापळे लावले. एकूण सतरा मासे मिळाले, सतराच्या सतरा गप्पी. महापालिका डासांसाठी गटारात आणि हौदात सोडते ते. त्यातले पाच सकाळपर्यंत मेलेले.

त्याच आठवड्यात माझ्या बाटल्यांपासून फर्लांगभर वर, बाबांच्या एका खोईनीत शिंगट्या होत्या, दोन मुरी होत्या, हाताएवढं मरळ होतं आणि खेकडे तर विचारू नका. मी ते डोळ्यांनी पाहिलं, घरी नेऊन खाल्लंसुद्धा. तरी अहवालात लिहिलं, 'सदर ओढ्यात प्रामुख्याने गप्पी मासे आढळतात.' कारण माझ्या तक्त्यात तेवढेच होते. मॅडमनी बरे गुण दिले. तो अहवाल कॉलेजच्या कुठल्या कपाटात अजून असेल तर तिथे तो ओढा आजही गप्पींचाच आहे.

माझ्या बाटल्यांचं काय चुकलं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. काही बाबांनी सांगितलं, काही पुढे वाचनात आलं, आणि दोन्हींची गाठ पडली तेव्हा गंमत वाटली, कारण बहुतेक ठिकाणी दोघं एकच सांगत होते.

पहिली चूक जागेची. मी बाटल्या ठेवल्या रस्त्याच्या मोरीखाली, कारण तिथे चप्पल न भिजवता पोचता यायचं. तबेल्यांचं शेणपाणी त्याच्या जरा वरच ओढ्याला मिळत होतं. शेण कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. अशा पाण्यात गप्पी पृष्ठभागाशी तोंड लावून तगतो. बाकीचे वरच्या स्वच्छ पाण्यात राहतात किंवा मरतात. म्हणजे जागा मी माझ्या सोयीने निवडली आणि नंतर माशांबद्दल विधान केलं. बाबा जागा निवडताना आधी नुसते काठाने चालायचे. झाडाची मुळं पाण्यात उतरलीत कुठे, खडकाखाली पोकळी कुठे आहे, गवत कुठे झुकलंय. मोकळ्या पाण्याकडे ते बघतही नसत. लहान मासा उघड्यावर फिरत नाही. वर खंड्या बसलेला असतो. तो कडेकडेने, आडोशाने जातो. सापळा त्या आडोशाच्या तोंडाशी हवा.

दुसरी चूक तोंडाची. बाटलीचं तोंड दोन सेंटीमीटर. त्यातून मरळ जाणार कसं? सापळ्याच्या तोंडाचं माप ठरलं की आत कोण येणार त्याची वरची हद्द ठरते, आणि काड्यांमधल्या फटीचं माप ठरलं की खालची. बाबांच्या खोईनीत दोन काड्यांमध्ये करंगळी जायची. "बारकं पोर जाऊं दे. पुढल्या साली येल." माझी बाटली याच्या नेमकी उलट होती, मोठ्याला बंदी आणि बारक्याला कैद.

मग आतल्या नरड्याची गोष्ट. खोईनीचं बाहेरचं तोंड ऐसपैस, आणि आतमध्ये दुसरा शंकू, त्याच्या काड्या पुढे निमुळत्या होत जवळ आलेल्या, टोकं मोकळी आणि लवचिक. शिरताना मासा काड्या बाजूला सारतो आणि त्याच्या मागे त्या पुन्हा मिटतात. पण खरी करामत त्या नरड्याच्या लांबीत आहे. ते पोटाच्या मध्यापर्यंत आत गेलेलं असतं. कोंडलेला मासा बाहेरची वाट भिंतीला धरून शोधतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना जी बारीक रेघ असते तिने त्याला पाण्यातले दाब, हेलकावे, जवळची भिंत हे सगळं जाणवतं. गढूळ पाण्यात तर तीच त्याची काठी. तो भिंतीला लागून गोल गोल फिरत राहतो, आणि वाट मात्र मधोमध, अधांतरी उघडी असते. माझ्या बाटलीचं नरसाळं आखूड होतं. आलेले परत गेले असणार, मला फक्त न गेलेले दिसले.

आणि मेलेले पाच? बाटलीला मी भोकंच पाडली नव्हती. पाणी आत खेळत नव्हतं, त्यामुळे कणीक आतच आंबली, वास आतच राहिला आणि प्राणवायू संपला. आमिषाचा वास वाहत्या पाण्याबरोबर खाली जातो आणि मासा त्या वासाच्या माळेला धरून वर येतो, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

आमिषावरून आठवलं. मी मोठ्या शास्त्रीय चेहऱ्याने बाबांना विचारलं होतं की तुम्ही खोईनीत काय घालता. ते म्हणाले, "काय नाय."

"काहीच नाही?"

"त्याला घरला जायाचंय. वाटंत खायला कशाला देवू?"

हे उत्तर मला तेव्हा उडवाउडवीचं वाटलं. आपल्या भाषेने आपल्याला वेगळंच शिकवलेलं असतं ना. मासा गळाला लागतो, माणूस आमिषाला बळी पडतो, पोलीस सापळा रचतात आणि त्यात लाचखोर नोटा मोजताना सापडतो. मराठीत सापळ्याजवळ गेलेला प्रत्येकजण हावरट. आमिष या शब्दाचा मूळ अर्थच मांस. म्हणून लग्नाच्या पत्रिकेवर नाही तरी हॉटेलच्या पाटीवर सामिष आणि निरामिष असतं. त्या हिशेबाने बाबांचा सापळा शुद्ध निरामिष. आणि भरलेला.

पहिल्या पावसात ओढ्याला नवं पाणी येतं. गढूळ, थंड, मातीचा वास असलेलं. वर्षभर डोहात नाहीतर तळ्यात दडलेले मासे त्या पाण्याच्या विरुद्ध दिशेने वर निघतात. वरच्या उथळ, नुकत्या भिजलेल्या खाचरांत अंडी घालायला. हीच वलगण. बाबा आणि त्यांचे भाऊ ओढ्यात आडवा बांध घालायचे, दगड, पाला आणि चिखलाचा. मधे एक खिंड ठेवायची आणि तिथे खोईन बसवायची, तोंड उताराकडे. वर जाणारा मासा बांधाला अडतो, बांधाच्या कडेकडेने खिंडीपर्यंत येतो, तिथे पाण्याला ओढ असते, त्या ओढीत घुसतो. त्याला वाटतं वाट मिळाली. सप्टेंबरात पाऊस ओसरला, पाणी उतरू लागलं की तेच मासे आणि त्यांची पोरं खाली परततात. मग तीच खोईन, तीच खिंड, पण तोंड वरच्या अंगाला. बाबांची सगळी विद्या त्या तोंड फिरवण्यात होती. कोणत्या दिवशी फिरवायचं, हे ते पाण्यात पाय घालून सांगायचे.

याला दुजोरा मिळाला तो मात्र फार लांबून. इंग्लंडमध्ये विंडरमिअर नावाचं तळं आहे. दुसऱ्या महायुद्धात खाण्याची टंचाई होती म्हणून तिथले पर्च जातीचे मासे पकडून डबाबंद केले गेले, 'पर्चाइन्स' नावाने. मासे धरायला तारेच्या जाळीचे सापळे होते, एका बाजूला नरसाळं, आणि आत आमिष नाही. वसंतात मासे काठालगत अंडी घालायला यायचे आणि आपणहून शिरायचे. त्या पकडीत नर फार जास्त असायचे. मादी येऊन अंडी घालते आणि निघते. नर मात्र जोडीदाराच्या शोधात त्याच परिसरात दिवसचे दिवस घुटमळत राहतो, म्हणून सापळा त्याला भेटतोच भेटतो. निव्वळ सापळे मोजून कुणी म्हटलं असतं की या तळ्यात माद्या फारशा नाहीत, तर ते माझ्या गप्पींसारखंच झालं असतं. सापळा तळ्यात कोण आहे ते सांगत नाही. हिंडतंय कोण, एवढंच सांगतो.

म्हणून जानेवारीत खोईन रिकामी आली की बाबा वैतागत नसत. थंड पाण्यात मासा सुस्तावतो, त्याला भूकही कमी लागते, तो हालतच नाही तर शिरणार कुठून? उलट मे महिन्यात डोह आटून परातीएवढा झाला की हात घालाल तिथे मासा. सापळा भरून येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय मासळी वाढलीय!

साचलेल्या पाण्यात, डबक्यात, तळ्याच्या काठाला मात्र बाबा आमिष वापरायचे, हेही सांगायला हवं, नाहीतर मी त्यांना उगाच ऋषी करून ठेवीन. तिथे वाटेचा प्रश्न नसतो, मासा सापळ्यापर्यंत यावा असं काहीतरी लागतंच. भाजलेला कोंडा, ठेचलेला खेकडा, वारुळातली वाळवी. शिंगटीसाठी खेकडाच. तिच्या मिशांना चव कळते. अंधारात ती तळ चाखत चाखत पुढे सरकते. आणि नवी विणलेली खोईन ते आधी आठवडाभर चिखलात बुडवून ठेवायचे. नवा बांबू वास मारतो म्हणून. शेवाळ धरलं की ती ओढ्यातलीच एक वस्तू होते.

सकाळी सापळा उचलल्यावर दोन-तीन बारक्या मासोळ्या ते आतच सोडायचे. "सोबतीला ऱ्हाऊं दे." थव्याने राहणाऱ्या माशाला आत कुणीतरी आपलं दिसलं की तो बिनधास्त शिरतो. मरळ आत असेल तर उलटं. बारके मासे नरड्यापर्यंत येतात, त्याला बघतात आणि मागे फिरतात. जे आधीच आत असतात ते त्याच्या पोटात जातात. एकदा पाणदिवड आत घुसली होती. पाच-सहा मासे गिळून ती स्वतःच बाहेर पडू शकत नव्हती, इतकी फुगली होती. बाबांनी तिला काठीने ओढून काढलं आणि पाण्यात सोडून दिलं. मी विचारलं, मारली का नाही? म्हणाले, तिनं पण रात्रभर जागून कमावलंय.

मरळासाठी आणखी एक पथ्य होतं. खोईन पूर्ण बुडवायची नाही. पोटाचा वरचा वीतभर भाग पाण्याबाहेर ठेवायचा. मला वाटायचं, परत सापडावी म्हणून खूण असेल. पण मरळाला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते आणि थोड्या थोड्या वेळाने वर येऊन घोट घ्यावा लागतो. पूर्ण बुडलेल्या सापळ्यात मरळ चक्क बुडून मरतं. मासा पाण्यात बुडाला, असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ऐकलं आणि तो विनोद नव्हता.

उचलायची वेळ पहाटेची, तांबडं फुटायच्या आत. त्याची कारणं एकात एक गुंतलेली. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळही श्वास घेत असतात, प्राणवायू देणारं ऊन नसतं, म्हणून पहाटे साचलेल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी. गरम पाण्यात तो आणखीच कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशाला साडेसात. भरलेल्या सापळ्यात गर्दी, पहाटेचं पाणी, की मासे पांढरे पडलेच. शिवाय सापळा जितका जास्त वेळ पाण्यात तितका जास्त मासा, हा हिशेबच खोटा. पहिल्या काही तासांत जे यायचे ते येतात, मग आत गर्दी होते, आमिष संपतं, कुणाला वाट सापडते, कुणी कुणाला खातं. चोवीस तास ठेवलेल्या खोईनीत कित्येकदा बारा तासांपेक्षा कमीच निघतं. आणि शेवटचं कारण, उजाडल्यावर वस्तीतला दुसरा कुणीतरी आधी उचलून नेतो. आरेत बिबट्याची भीती असते हे खरं, पण खोईन बिबट्याने कधी पळवली नाही.

चांदण्या रात्री बाबा फारसे जात नसत. अंधारी, झड लागलेली रात्र त्यांची लाडकी. ते मी अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं होतं. नंतर वाचलं की युरोपातल्या नद्यांतली ईल, म्हणजे आपल्या वामेसारखी दिसणारी, समुद्राकडे निघते तीही काळोख्या, पुराच्या रात्री.

तिकडे पवईला वेगळंच जग. १८९१ चा तो तलाव, त्याचं पाणी पिण्याला चालेना म्हणून शहराने सोडून दिला आणि गळवाल्यांनी धरला. रविवारी ओळीने छत्र्या, खुर्च्या, थर्मास. प्रत्येकाचा कणकेचा गोळा वेगळा आणि त्याचं गुपित घरच्या मसाल्यासारखं जपलेलं. बडीशेप, हिंग, मध, केळं, काय काय. तिथे आमिषाचं राज्य आहे आणि ते बरोबरच आहे, गळाला दुसरं आहे काय? पण गळवाले काका एकदा मला म्हणाले की सापळा म्हणजे आळशी माणसाचं काम, तेव्हा मला खरंच राग आला. गळाला मासा लागला की कळतं, दोरी हालते. सापळ्यात तुम्ही स्वतः हजरच नसता. सगळी अक्कल आदल्या संध्याकाळी खर्च करून घरी यायचं आणि झोपायचं. हे आळशाला जमत नाही.

बाबांचं सगळं बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वलगणीचा मासा गाभोळीने भरलेला असतो. ओढा पूर्ण अडवून चढणारा प्रत्येक मासा धरला तर सप्टेंबरात खाली परतणार कोण? दोन दिवसांनी ते बांधाच्या एका कडेचे दगड काढायचे, हे मी पाहिलंय. त्यांचे शेजारी काढत नसत, हेही पाहिलंय. आता तर करंगळीच्या फटीच्या जागी मच्छरदाणीचं कापड आलं. त्यातून पाण्याशिवाय काही सुटत नाही. काही ठिकाणी लोक ब्लीचिंग पावडर ओततात, तिथे तर सापळाही लागत नाही आणि विद्याही.

बाबा गेले. त्यांची शेवटची खोईन मित्राच्या घरी चुलीच्या वर टांगलेली आहे, धुराने काळी झालेली. धुरामुळे बांबूला किडा लागत नाही. घरात गॅस आहे, तरी पावसाळ्याआधी महिनाभर मित्राची बायको त्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवते, तेवढ्यासाठी. मित्र मेट्रोच्या स्टेशनवर सुरक्षारक्षक आहे.

यंदा जूनमध्ये त्याचा फोन आला, पाणी चढलंय, ये. मी आता मुलुंडला राहतो. दोन बस बदलून, गुडघ्याएवढ्या पाण्यातून पोचलो. आम्ही दोघं पन्नाशीपलीकडले, बांध घालताना चारदा बसलो. खोईन लावून अर्धा तास झाला नाही तोच खिंडीतली ओढ थांबली. उचलून बघितलं तर नरड्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि एक अख्खी शाळेची वॉटरबॅग. प्लास्टिकने काड्यांच्या फटी बुजल्या की पाणी आतून जात नाही, ते बाजूने वाट काढतं, आणि मासाही पाण्यामागोमाग बाजूने जातो. खोईन तिथे नुसतं बूच होऊन बसते. आम्ही सगळं उपसलं, वरच्या अंगाला झुडपाच्या फांद्या रोवून गाळणी केली आणि पुन्हा लावली.

रात्री मला परत यावंच लागलं. पहाटे लोकल बंद, घाटकोपरला पाणी, बातम्यांत तेच ते. आईचे दोन फोन आले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे आणि दर पावसात एकच प्रश्न विचारते. साडेसहाला मित्राचा फोटो आला. पत्र्याच्या घमेल्यात दोन खेकडे, एक बोटभर मुरी, बाकी पाला.

मी लिहिलं, इतकंच?

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग त्याचा मेसेज आला, "येड्या, तोंड कुणी बसवलं होतं? वरच्या अंगाला हाय."